तीस वाव अलीकडे

मिंगोकाकांच्या उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. बाराव्या वर्षी बापाच्या हाताखाली काम शिकताना ते गेलं आणि परत आलं नाही. त्या बोथट अंगठ्याने ते जहाजाच्या फळ्यांवरून हात फिरवत जायचे आणि मधेच थांबून म्हणायचे, "इथं." तिथे खरोखरच पाणी झिरपत असायचं.

फळ्यांमधल्या फटींत अंबाडीचा काथ्या ठोकून भरायचा, वरून तापलेलं डांबर ओतायचं, हा त्यांचा धंदा. स्पेनमध्ये, आलिकांतेच्या उत्तरेला किनाऱ्यावर आमचं गाव आहे. तिथे हे काम करणारी दोन माणसं होती, पण दुसऱ्याकडे तांडेल लोक नाइलाज झाला तरच जायचे. काकांची लाकडी मोगरी बापाची, आणि बापाकडे ती त्याच्या बापाकडून आलेली. डोक्याला दोन्हीकडून चिरा पाडलेल्या असल्यामुळे ती घंटेसारखी वाजायची. माझ्या नवऱ्याचं औषधाचं दुकान बंदराच्या रस्त्यावर होतं. सकाळी दुकान उघडताना मला पहिला आवाज यायचा तो त्या मोगरीचा.

आमच्याकडे एक रीत होती. ज्याने फटी भरल्या, त्याने पहिल्या दिवशी त्याच बोटीवर बसून समुद्रात जायचं. आपल्या कामावर आपला जीव ठेवायचा. मग तांडेल त्याला वाइनचा पेला देतो आणि काम पुरं झालं असं धरतात. मिंगोकाकांना मात्र १९३९ पासून समुद्रावर जायला बंदी होती.

यादवी युद्धात ते प्रजासत्ताकाच्या आरमारात होते. हरल्यावर त्यांचं जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याला, बिझर्तला गेलं. पुष्कळ खलाशी तिथेच राहिले. कुणी मीठ गोळा केलं, कुणी रेल्वेत लागलं, आणि म्हातारे होईपर्यंत जगले. मिंगोकाका परत आले, कारण त्यांची बायको रोझेता इथे होती. ज्यांनी काही गुन्हा केला नाही त्यांनी निर्धास्त यावं, असं जाहीर झालं होतं. धक्क्यावर उतरताच त्यांना पकडलं. पाच वर्षं तुरुंगात काढली. दुसऱ्या वर्षी रोझेता विषमज्वराने गेली. ते त्यांना आठ महिन्यांनी कळलं, तेही एका दुसऱ्या कैद्याच्या पत्रातून. सुटून आले तेव्हा खलाशी-पुस्तिका जप्त झालेली होती. किनाऱ्यावर काम करायला हरकत नव्हती, पण बंदराबाहेर जाणाऱ्या कोणत्याही बोटीवर पाय ठेवायचा नाही.

मग रिवाजाचं काय करायचं? तांडेल सेन्तो त्यांचा लहानपणचा मित्र. त्याने तोड काढली. मिंगो नाही तर मिंगोची मोगरी. पहिल्या दिवशी ती डोलकाठीला बांधायची, समुद्रात फिरवून आणायची आणि संध्याकाळी घरी पोचवायची. चौदा वर्षं असं चाललं. काका बंदराच्या बांधाच्या टोकावर उभे राहून बोट दिसेनाशी होईपर्यंत बघायचे. एकदा मी जवळ होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "माझ्या जागी लाकूड जातं, रेमे."

मोगरीबद्दल आणखी एक गोष्ट होती, ती आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नसे. कारागीर वारला म्हणजे दफनाच्या दिवशी त्याची मोगरी एखाद्या बोटीच्या डोलकाठीला बांधून समुद्रात नेतात. म्हणून कारागीर बोटीवर असताना त्याची मोगरी डोलकाठीला कुणी लावत नाही. ते त्याचं मरण बोलावण्यासारखं आहे.

१९५८ च्या मार्चमध्ये सिनेमावाले आले. माझ्या वहीत तीन तारखेची नोंद आहे : 'सात मोटारी, दोन ट्रक. पाऊस नाही. मुख्य साहेबाने धक्क्यावर संत्रं सोलून सालं पाण्यात टाकली.' दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा अमेरिकन आरमारी वीराच्या चरित्रावर त्यांना चित्रपट काढायचा होता. जळतं जहाज बुडायला आलं तरी शरण न जाणारा माणूस. असा समुद्र, असं ऊन आणि लाकडी जहाज बांधणारे हात त्यांना त्यांच्या देशात मिळाले नसावेत. मनुका वाहून नेणारी दोन जुनी जहाजं त्यांनी घेतली, वर मजले चढवले, लाकडी तोफा बसवल्या, आणि त्यांच्या युद्धनौका झाल्या. फटी भरायला अर्थात मिंगोकाका.

मठाच्या शाळेत एका आयरिश सिस्टरने मला इंग्रजी शिकवलं होतं, म्हणून सिनेमावाल्यांनी मला याद्या लिहायला घेतलं. कोण कोळी कोणत्या दिवशी खलाशी होणार, कोण सैनिक, कोण प्रेत, त्याच्या याद्या. जहाज बंदराबाहेर जाणार असेल तर यादी दोन दिवस आधी बंदर कचेरीत द्यावी लागे. तिथला तरुण लेफ्टनंट एकेका नावावर पेन्सिल टेकवून बघायचा.

गावात नुसती धमाल होती. पांढऱ्या केसांचे टोप लावलेले, पावडर फासलेले कोळी गल्लीतून जाताना बायका खिडक्यांतून ओरडायच्या.

"अगं बघ, माझा नवरा आला! नाही गं, ही तर बिशपची आत्या!"

"हसा हसा. पण आमच्या कॅप्टनचा पायमोजा रेशमी आहे म्हटलं!"

"मग तो काढून घरी आण. नुसता पाय घेऊन येऊ नकोस."

मिंगोकाका यात नसायचे. ते जहाजाच्या पोटाशी फळीवर बसून ठोकत असायचे. त्या वसंतात त्यांचा खोकला वाढला. माझ्या नवऱ्याने त्यांना वालेन्सियाच्या इस्पितळात पाठवलं. परत आले ते दुकानात येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "येता नाताळ, फार तर त्याच्या पुढचा. डांबराने छातीत घर केलंय म्हणे." मग माझ्याकडे वळले. "रेमे, तुझं टंकलेखन-यंत्र चालू आहे ना?"

मी तीन अर्ज केले. पहिल्याला उत्तर आलं : नामंजूर. दुसऱ्यात मी त्यांचं वय, आजार आणि पाद्रीबाबांचा दाखला घातला. नामंजूर. तिसऱ्यात एवढंच लिहिलं, की त्यांनी स्वतः दुरुस्त केलेल्या जहाजावरून एक दिवस, हवं तर पहाऱ्यात, बंदराच्या तोंडाबाहेर जाऊन परत येण्याची परवानगी मिळावी. त्याला उत्तरच आलं नाही. ते रोज सकाळी दुकानाच्या दारात यायचे. मी नकारार्थी मान हलवायची. ते जायचे, आणि थोड्या वेळाने मोगरी वाजू लागायची. त्या दिवसांत तिचा आवाज मला ऐकवत नसे.

जूनच्या दहा तारखेला सेन्तो माझ्याकडे आला. मोठ्या जहाजाचं सुकाणू त्याच्याच हातात होतं. गुरुवारी, बारा तारखेला, पहिल्यांदा जहाज समुद्रात न्यायचं होतं.

"किकोने घोटा मोडून घेतला," तो म्हणाला. "दारू पिऊन तोफेवरून पडला गाढव. कचेरीत यादी गेली आहे, त्यात त्याचं नाव आहे."

"मग?"

"मग काय? टोपाखाली किको आहे का आणखी कोण, कोण बघतंय? तू फक्त नाव खोडू नकोस."

मी कधी कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. सेन्तोला ते ठाऊक होतं.

"तुला लिहायचं काहीच नाहीये," तो म्हणाला. "नुसतं खोडायचं नाहीये."

मी खोडलं नाही.

बारा तारखेला सकाळी सहा वाजता कपड्यांच्या तंबूत मी नावं पुकारली. किकोचं नाव घेतल्यावर एक म्हातारा पुढे आला. निळा कोट, पांढरा टोप, गालावर पावडर, गळ्याशी झालर. खांदे ताठ. हात मात्र त्यांनी कोटाच्या बाह्यांत ओढून घेतले होते, कारण डांबराने काळी झालेली बोटं पावडरने झाकत नाहीत. त्यांच्या मागे उभा असलेला पोरसवदा कोळी पुटपुटला, "आजोबा, तुम्ही तर खरोखर अॅडमिरल दिसताय."

"गप बस. किको आहे मी. दारू पितो."

रांगेत हशा पिकला. मिंगोकाका हसलेले मी कित्येक वर्षांनी बघत होते.

साडेसातला जहाज धक्क्यावरून सुटलं. मी दिग्दर्शकाच्या माणसांबरोबर मागच्या बाजूला, यादी घेऊन उभी होते. ओढबोटीने आम्हाला बंदराच्या तोंडापर्यंत नेलं आणि तिथे हुकूम आला : थांबा. डोंगरावर ढगाची टोपी बसली होती. पूर्वेचा वारा असला की ती बसतेच, आणि लवकर हलत नाही. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण साहेबाला ऊन हवं होतं, आणि ऊन आल्याशिवाय जहाज पुढे जाणार नव्हतं. नांगर टाकला. सेन्तोने डोळ्यांनी अंतर मोजलं आणि मला सांगितलं, "तीस वाव. बांधाच्या टोकाला तीस वाव." वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढं अंतर.

आम्ही तीन तास थांबलो. वाट बघताना वेळ जावा म्हणून छायाचित्रकाराने कठड्याशी उभ्या असलेल्या खलाशांची काही दृश्यं घेतली. सिनेमावाल्यांनी कागदात बांधून दिलेले मऊ पाव लोकांनी पाण्यात टाकले आणि कोटाच्या खिशांतून खारवलेले मासे आणि अंजिरं काढली. मिंगोकाकांनी काही खाल्लं नाही. ते नाळेवर, जहाजाच्या पुढच्या टोकाला गेले आणि तोंडापलीकडच्या पाण्याकडे बघत उभे राहिले. तिथे लाटा सुरू होत होत्या. आमच्याभोवतीचं पाणी तेलकट आणि सपाट होतं. दर थोड्या वेळाने ते मागे वळून डोंगराकडे बघायचे. मी जवळ गेले.

"काका, बसा जरा."

"नांगर उचलायला किती माणसं लागतात माहीत आहे का तुला? आठ. मी सात जमवलीत नुसत्या डोळ्यांनी." त्यांचे ओठ पावडरखाली निळे पडले होते. "साहेबाला सांग ना. तुला त्याची भाषा येते. सांग की तिथं बाहेर ऊन आहे. सांग काहीही."

मी जाऊन सांगितलं. साहेबाने घड्याळ बघितलं, आकाश बघितलं आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

त्या वेळी धक्क्यावर हवालदार सेवेरिनो उभा होता. तो आतल्या कोरड्या मुलखातला. आमच्याकडे आला तेव्हा त्याला पुढची नाळ कुठली आणि मागचा वरामा कुठला ते कळत नव्हतं. पण त्याने इथली मुलगी केली, आणि बायकोच्या गावाच्या रीती तो आमच्यापेक्षा जास्त पाळायला लागला. त्याचा मेहुणा त्या दिवशी जहाजावर होता. तीन तास जहाज डोळ्यांसमोर थांबलेलं. बघता बघता सेवेरिनोच्या लक्षात आलं, की डोलकाठीवर मोगरी नाही.

तो घाबरला. नव्या कामाचं जहाज, पहिला दिवस, ऐंशी माणसं, आणि मोगरी विसरली! तो धावत मिंगोकाकांच्या खोपटात गेला. काका नव्हते, पण मोगरी खुंटीला होती. ती घेऊन तो परत आला तर लेफ्टनंट लाँचमध्ये चढत होता. त्याला नायिकेला जवळून बघायचं होतं. सेवेरिनोने सगळं सांगितलं आणि विनवलं, "साहेब, मलाही न्या. एवढी पोचवतो."

त्याच्या मनात काही नव्हतं. हे तो पुढे दहा वर्षं सगळ्यांना सांगत राहिला, आणि ते खरं होतं.

लाँच जहाजाला लागली. सेवेरिनोने मोगरी उंच धरून हाक मारली, "अरे सेन्तो! कसले लोक तुम्ही! ही घरीच राहिली की! घे, बांध लवकर!"

कुणाचाच हात पुढे झाला नाही.

एवढंच करायचं होतं : मोगरी घ्यायची, बांधायची. पाच मिनिटांत लाँच परत गेली असती. पण ऐंशी कोळी, गुलाबी गाल आणि पांढरे टोप, एक पाऊल मागे सरले. एकाने छातीवर क्रूसाची खूण केली. सेन्तोने हात पुढे केला आणि मधेच ओढून घेतला, जणू चटका बसला. मिंगो जिवंत त्याच्या मागे दहा हातांवर उभा असताना मिंगोची मोगरी तो डोलकाठीला कशी बांधणार? मला ओरडावंसं वाटलं, की घ्या ना, लाकूड आहे ते नुसतं. पण मी त्याच गावची.

सेवेरिनोच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. त्याला कळलं. त्याने मोगरी खाली घेतली, पाठीमागे लपवायला बघितलं.

"काय झालं?" लेफ्टनंटने विचारलं. "घेत का नाहीत?"

"काही नाही, साहेब. त्यांना... आता नकोय."

"तूच आत्ता म्हणालास, याशिवाय जहाज जात नाही. ए तांडेल! घे ती."

सेन्तो हलला नाही.

"तुझी पुस्तिका आण इकडे."

सेन्तोला चार मुलं होती. त्याने कोटाच्या आत हात घातला. तेवढ्यात नाळेवरून मिंगोकाका आले. चालत, सावकाश, गर्दीतून वाट काढत. कठड्याशी येऊन त्यांनी बाह्यांतून काळे हात बाहेर काढले.

"दे, सेवेरिनो. माझी आहे."

"काका," सेवेरिनो म्हणाला. "काका, मला वाटलं..."

"कळलं. तू बरोबर वागलास. रीत आहे ती." मग लेफ्टनंटला म्हणाले, "यांना कुणाला माहीत नव्हतं. टोप होता."

लेफ्टनंटने टोपाखालचा चेहरा निरखून बघितला. मग म्हणाला, "उतरा."

दोरीची शिडी उतरण्याआधी काकांनी एकदा बांधाच्या टोकाकडे बघितलं. मला वाटलं ते उडी मारतील. त्यांनी सेन्तोला विचारलं, "किती आहे रे?"

"तीस," सेन्तो म्हणाला.

"पोहून जायचो मी एवढं."

मग ते उतरले. निळ्या कोटात, मांडीवर मोगरी घेऊन, समुद्राकडे पाठ करून लाँचमध्ये बसले. लाँच धक्क्याला पोचायच्या आत डोंगरावरची टोपी फाटली आणि ऊन पडलं. साहेबाने टाळी वाजवली. नांगर उचलला. आम्ही बांध ओलांडला तेव्हा माझ्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. त्या दिवशी नायकाने शरण जायला नकार दिला. त्याने तो नऊ वेळा दिला, कारण आठ वेळा खलाशांनी नीट आरोळी ठोकली नाही.

मिंगोकाकांना चार महिने आत ठेवलं. मला कचेरीत बोलावून यादी दाखवली. मी म्हटलं, किकोचं नाव पुकारलं आणि माणूस पुढे आला. ते खोटं नव्हतं. मिंगोकाका सुटून आले तेव्हा पायऱ्या चढताना दोनदा थांबायचे. काम करायचे, पण मोगरी द्यायचे नाहीत. कुणी मागितली तर म्हणायचे, "राहू दे. खूप फिरली." तांडेल लोक कुरकुरले, मग एकेक करून दुसऱ्याकडे जाऊ लागले. सेन्तो शेवटपर्यंत गेला नाही.

दोन वर्षांनी चित्रपट गावात आला. रविवारी दुपारी चारचा खेळ. नायक बोलायला लागला की लोक ओरडायचे, "बाजूला हो, मागे माझा मेहुणा आहे!" आपण कुठे दिसतो, एवढंच प्रत्येकजण बघत होता. मिंगोकाका माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या मधे बसले होते. इस्पितळाने दिलेला नाताळ त्यांनी ओलांडला होता, पण अंगावर मांस राहिलं नव्हतं.

मग ते दिसले. कठड्याशी, नाळेजवळ, टोप आणि निळा कोट, डोळे दूर कुठे तरी. मागे नुसतं पाणी. बांध नाही, धक्का नाही, काही नाही. तीन सेकंद असतील. सगळं थिएटर उठून उभं राहिलं.

"मिंगोकाका! मिंगोकाका समुद्रावर!"

लोक टाळ्या वाजवत होते. कुणी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. एक बाई रडत होती. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, "ते बंदरातलं पाणी आहे. लाट कुठंय? तेल आहे त्याच्यावर, बघा नीट."

पण तोवर पडद्यावर दुसरंच काही चालू झालं होतं.

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "रेमे, तुझ्या वहीत बारा जून आहे ना?"

"आहे, काका."

"काय लिहिलंयस?"

मी सांगितलं. वारा पूर्वेचा. ढग. तीस वाव अलीकडे नांगर. मिंगोकाकांना उतरवलं, दहा वाजून चाळीस मिनिटं.

"सिनेमात बाहेर आहे मी," ते म्हणाले. "सगळं गाव म्हणतंय. तूही लिही तसं. एकच ओळ. मी गेल्यावर तुझी वही राहील. कोण विचारायला येतंय?"

मी तेव्हा चौतीस वर्षांची होते, आणि सिस्टरांनी माझ्याकडून एक गोष्ट अशी घोटून घेतली होती की ती मला माझीच वाटायची. मी म्हटलं, "वहीत मी जे झालं तेच लिहिते, काका."

त्यांनी मान हलवली, अगदी तशी जशी मी दुकानाच्या दारात हलवत असे. "बरोबर आहे," म्हणाले. "फट भरताना मीही तसाच होतो." आणि सेन्तोच्या खांद्याला धरून घरी गेले.

पुढच्या फेब्रुवारीत ते वारले. बारा जूनच्या पानावर खाली दीड ओळीची जागा अजून रिकामी आहे. मी शहाऐंशी वर्षांची झाले, हात थरथरतो, पण ती ओळ मावेल. मी लिहिलेली नाही. दफनाच्या दिवसाची नोंद मात्र आहे, ती इथे उतरवते :

'सकाळ, नऊ वाजून दहा मिनिटं. वारा नाही, ऊन. सेन्तोची बोट बांध ओलांडून गेली. मोगरी डोलकाठीवर. सेवेरिनोने बांधली.'